मोजायचं राहिलेलं तळं

मंगळवेढ्याहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोकणात चाललात, म्हणजे समुद्र बघणार असाल?" मी म्हटलं, "नाही, दुष्काळी कामं बघणार आहे." निवृत्त झाल्यावर माणसाचं डोकं फिरतं, ही त्यांची जुनी शंका त्या दिवशी फिटली असावी. त्यांनी पुढे काही न विचारता शेंगाचटणीचा एक डबा माझ्या पिशवीत घातला.

पण मी खोटं बोलले नव्हते. माझी भाची प्राजक्ता रोह्यात राहते. नवरा तिथल्याच एका कंपनीत शिफ्टमध्ये असतो आणि ती रोजगार हमीच्या कामांवर कंत्राटी अभियंता आहे. फोनवर एकदा मी आमच्या दुष्काळाचं पुराण लावलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, दुष्काळ काय फक्त तुमच्या मालकीचा आहे का? इकडे ये एकदा, दाखवते."

हे मला चांगलंच झोंबलं. आमच्याकडे पाऊस नसेल, पण दुष्काळाचा मान आहे. तळं दिसलं की ते दुष्काळात खोदलेलं, रस्ता दिसला की तो दुष्काळात खडी फोडून केलेला. दुष्काळी रस्ता ओळखायची खूणही सोपी असते: तो गरजेपेक्षा सरळ असतो आणि गरजेच्या जरा आधीच संपतो. माझी आई अशाच एका रस्त्यावर खडी फोडायला जायची. मी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि रायगड जिल्ह्यापुढे दर वर्षी 'भरपूर पाऊस' असं फळ्यावर लिहिलं. त्या भरपूर पावसाच्या जिल्ह्याने आमच्या दुष्काळात वाटा मागावा, हे मला काही रुचेना.

माघ संपत आला होता. पुण्याहून एसटी घाट उतरून खोपोलीमार्गे पेणला आली, तेव्हा दुपार व्हायला आली होती. खिडकीतून पाहिलं तर सगळीकडे भातकापणी झालेली खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं), पिवळी आणि कोरडी. फळ्यावरचा भरपूर पाऊस कुठे दिसेना. प्राजक्ता पेणला मीटिंगसाठी आलेली होती. स्टँडवर तिने स्कूटर उभी केली, माझ्या दोन पिशव्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, राहायला आलीस की बदली झालीये?"

पेणला येऊन पोहे-पापड घेतले नाहीत तर घरी जाब द्यावा लागतो, म्हणून ते आधी घेतले. आता पिशव्या तीन झाल्या. त्या पायात, मांडीवर आणि खांद्याला अशा वाटून आम्ही जोह्याकडे निघालो. हे गणपती करणाऱ्यांचं गाव. घराच्या ओट्यावर गणपती, मांडवात गणपती, माळ्यावर गणपती. सगळे अजून पांढरे होते आणि डोळे कुणालाच नव्हते. डोळे शेवटी काढतात. शेकडो देव एका जागी आणि एकालाही आपण दिसत नाही, अशी मोकळीक मला आयुष्यात प्रथमच मिळाली.

तिथे मी स्कूटरवरून उतरले, तशी प्राजक्ता हसत सुटली. खड्ड्यांमध्ये चटणीचा डबा उघडला होता आणि माझी मोतिया रंगाची साडी कमरेपासून खाली लाल झाली होती. कारखान्यातल्या दादांनी हातातली सोंड बाजूला ठेवली, साडी नीट निरखली आणि म्हणाले, "रंग झकास हाय, बाई. कंचा डबा?"

चहा घेताना त्यांनी गावामागचा मातीचा बांध दाखवला. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला. त्याला इथे खारबंदिस्ती म्हणतात. "आमच्या आज्याच्या टायमाला तो फुटला. मंग रोजगार हमीत समद्या गावानं माती टाकली," दादा म्हणाले. "नायतर शेती गेलीच असती, आन ह्ये गणपती बी भादव्याआधीच इसर्जन व्हायचे." प्राजक्ताने माझ्याकडे भुवई उडवून पाहिलं. मी चहा पीत राहिले. एका बांधावरून हार मानायची नाही, असं ठरवलं होतं.

पुढे महामार्गाला लागलो. कोलाडपर्यंत कुठे पूल अर्धा, कुठे रस्ता अर्धा, कुठे नुसतीच पाटी पूर्ण. "हा कोणत्या दुष्काळात काढला गं?" मी मागून ओरडून विचारलं. उत्तर वाऱ्यात गेलं. बरंच झालं, कारण ती सरकारची नोकर आहे. कोलाडला मिसळ खाल्ली. तिखट आहे असं वाढणाऱ्याने दोनदा बजावलं. खाऊन झाल्यावर मी उरलेल्या चटणीतली चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवली. तो बराच वेळ पाणी पीत होता.

रोह्यात संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने पायी हिंडलो आणि घरी येऊन तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. बिरडं म्हणजे मोड आणून सोललेले वाल. एकेक दाणा हाताने सोलायचा. एवढा वेळ ज्यांच्या हाताशी आहे त्यांना दुष्काळ ठाऊक नसणार, असं मी म्हणाले. प्राजक्ता हसली नाही. "उद्या माझ्याबरोबर उंबरवाडीला ये," ती म्हणाली. "तिथे मला एक तळं ठरवायचंय."

तळं ठरवायचं म्हणजे काय ते तिने सकाळी वाटेत सांगितलं. उंबरवाडी ही कोलाडच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेली कातकऱ्यांची वस्ती. तिथे एक तळं आहे, गाळाने भरलेलं. पावसाळ्यात तुडुंब, आणि माघात कोरडं. पाणी संपलं की वाडीतली माणसं घराला कुलपं लावून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. गाळ काढला तर पाणी चैत्राच्या पुढे टिकेल, काठावर भाजी-वाल होईल, माणसं घरी राहतील. तळं जुनं सरकारी काम असेल तर दुरुस्ती म्हणून गाळ काढायला याच उन्हाळ्यात मंजुरी मिळते. पण कागदावर हे तळं कुठेच नाही.

"वाडीतले म्हणतात, दुष्काळात आम्ही खोदलं. ऑफिसातले म्हणतात, पाण्यानं आपोआप झालेला खड्डा आहे. खड्डा निघाला तर मला तसंच लिहावं लागेल, मावशी. मग तो दुसऱ्या यादीत जातो, आणि त्या यादीतलं काम सुरू झालेलं मी अजून पाहिलं नाही."

वाडीत बारा-पंधरा घरं असतील. बहुतेक दारांना कुलपं होती. एका ओट्यावर म्हातारी सोनाबाई वाट पाहत उभी होती. सत्तरीच्या घरातली, काटकुळी, आणि नजर अशी की वर्गात असती तर मीच तिला घाबरले असते. तिने माझी साडी बघितली. धुतल्यावर ती लालऐवजी गुलाबी झाली होती. "ही मोठी मॅडम का?" तिने प्राजक्ताला विचारलं.

"नाही, ही माझी मावशी. फिरायला आली आहे."

"फिराया? हितं?" सोनाबाई म्हणाली, आणि तिने काकूंसारखंच माझ्याकडे पाहिलं.

तळं म्हणजे एक विस्तीर्ण कोरडी ताटली होती. तळाला भेगा पडलेल्या, एका कोपऱ्यात म्हशीपुरतं पाणी. आणि अगदी मधोमध माणसाच्या खांद्याएवढा मातीचा एक चौकोनी खांब उभा. बाजूंनी गुळगुळीत लिंपलेला, पायाला दगड रचलेले, डोक्यावर वाळलेल्या गवताचा झुपका. शेजारी एक इरलं पडलं होतं, पावसात डोक्यावर घ्यायचं, पानांचं. मी चप्पल काढली आणि हात जोडले.

सोनाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "देव नाय गो बाय ता. माप हाय."

तेव्हा तो प्रकार कळला. तळं खोदताना मधे एक खांब न खोदता तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती आणि किती खोल खणलं ते साहेबाला मोजता येतं. वाडीत त्याला साक्षीदार म्हणतात. माप झालं की तो तोडायचा. दुष्काळाच्या सालात हे काम निघालं तेव्हा सोनाबाई लग्न होऊन नुकतीच आलेली. "पावसानं मधीच दडी मारली, भात पोचट झाला. खायाला कायपन नवता. मंग काम निघाला. आमी समद्यांनी खोदला." पुढे मिरगाचा पाऊस आला आणि काम थांबलं. मुकादम जाताना म्हणाला, साहेब माप घ्यायला येतील, तोवर ह्याला हात लावू नका. सोनाबाईचं घर सगळ्यांत जवळ, म्हणून लक्ष ठेवायला तिला सांगितलं.

"मग साहेब?"

"आला नाय."

"आणि तुम्ही?"

"आमी ठेवला ना ध्यान."

पन्नासेक वर्षं. दर उन्हाळ्यात पाणी आटलं की ती त्या खांबाला बाजूंनी माती लिंपते. पायाचे दगड सरकले की पुन्हा रचते. पावसाच्या सुरुवातीला, तळं भरेपर्यंत, त्याच्या डोक्यावर इरलं घालते. वरच्या बाजूला मात्र मातीचा कण लावत नाही. मी कारण विचारलं, तर तिने मला लहान मुलासारखं समजावलं: "वर लिपला तर उंची वाढंल. मंग ती सरकारला फसवनी झाली. वरचा गवत तवाचाच हाय."

मी सरकारी शाळेत नोकरी केली. माझ्या हजेरीपटावर आजारी न पडता घेतलेल्या आजारपणाच्या रजा आहेत. मला त्या गवताकडे नीट बघवेना.

प्राजक्ताने मात्र लगेच काम सुरू केलं. काठावरची मूळ जमीन आणि खांबाचा माथा यांची पातळी तिने यंत्रातून ताडून पाहिली. "वरचं जुळतंय," ती म्हणाली. "पण खाली गाळ आहे. मूळ तळ सापडल्याशिवाय मला खोदकाम म्हणता येणार नाही. नैसर्गिक खड्ड्यातही उंचवटा असतो." तिचा आवाज रुक्ष झाला होता. तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं: खांब हा गाळातच लिंपून लिंपून उभा केलेला असला, तर सगळं संपलं.

खांबाच्या पायाशी खणायचं ठरलं. पण खणणार कोण? धडधाकट माणसं भट्टीवर. सोनाबाईची सून मंजुळासुद्धा संक्रांतीनंतर तिकडेच गेलेली. मागे उरलेल्या दोन बायका आल्या, सोनाबाईने कुदळ घेतली, प्राजक्ताने फावडं, आणि एक घमेलं माझ्या वाट्याला आलं. मी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालले.

"घमेला हाय का पोथी?" सोनाबाई म्हणाली. "डोक्यावर घे."

डोक्यावर घेतलं. चौथ्या फेरीला मान भरून आली आणि मला आई आठवली. ती संध्याकाळी घरी आली की न बोलता बसायची, आणि आम्ही मुलं तिने कामावरून आणलेल्या सुकडीसाठी वाटी घेऊन भोवती नाचायचो. ती का बोलत नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता कळून उपयोग नव्हता, तरी मला फार वाईट वाटलं. मी घमेलं रिकामं केलं आणि परत आले.

गुडघाभर खणून झालं तरी गाळच लागत होता, काळा आणि चिकट. मांडीएवढं खणलं तरी तोच. प्राजक्ताने दोनदा घड्याळ पाहिलं. बायकांपैकी एक दमून बसली. सोनाबाई मात्र कुदळ मारत राहिली. "सून म्हनते, आई, येडी का तू, मातीला काय राखतेस," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "म्या म्हनला, ह्या तळ्यात पानी रायला तर तू घरात रायशील. एकटीचा जेवान गिळवत नाय मला."

त्यानंतर थोड्याच वेळाने कुदळीचा आवाज बदलला. खालचा मुरूम लागला, पिवळसर आणि घट्ट. प्राजक्ता खड्ड्यात उतरली, खांबाच्या पायाला चिकटलेला गाळ तिने हातांनी निपटून काढला. मी वाकून पाहिलं. गाळाखाली झाकलेल्या, कधीच न लिंपलेल्या त्या मुरुमावर कुदळीचे वार होते. शेजारीशेजारी, तिरके, कालच मारल्यासारखे स्वच्छ.

"हे हाताने खोदलेलं आहे," ती म्हणाली. "हे मी लिहू शकते."

सोनाबाई बसकण मारून त्या वारांकडे पाहत होती. एका बाजूचे वार उजवीकडून उतरत होते. दुसऱ्या बाजूचे उलटे, डावीकडून. तिने उलट्यांवर बोट फिरवलं. "आमचा म्हातारा डावखुरा व्हता," ती म्हणाली. "मुकादम त्याला वेगळाच उभा करायचा. शेजारच्याला कुदळ लागल म्हनून."

म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला बायकांनी मागाहून सांगितलं.

प्राजक्ताने टेप लावली. माथ्यापासून मुरुमापर्यंत. आकडा वहीत लिहिला, फोटो काढले, पुन्हा एकदा मोजलं. सोनाबाई पापणी न लववता बघत होती.

"झाला माप?"

"झालं, आजी."

"नीट घेतला ना?"

"दोनदा घेतलं."

सोनाबाई उठली, तिने पदर खोचला आणि कुदळ उचलली. "मंग आता काढायचा."

प्राजक्ता म्हणाली, "राहू दे की आजी. आठवण म्हणून राहू दे." मीही तेच म्हटलं. शहरातून आलेल्या माणसांना आठवणी फार लागतात. सोनाबाईला आमचं बोलणं समजेना. साहेबाने माप घेतल्यावर खांब काढायचा असं ठरलेलं होतं, आणि तो काढला नाही तर काम अर्धवट राहणार होतं. तिने पहिला घाव घातला. वरचं गवत एका बाजूला कलंडलं. मग आम्ही सगळ्याजणींनी ती माती घमेल्यांतून नेऊन काठाच्या बांधावर टाकली, कारण तळ्याची माती बांधावर टाकायची असते. ऊन उतरेपर्यंत मधली जागा सपाट झाली. सोनाबाईने हात झटकले आणि म्हणाली, "सुटला काम." मला तिचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. रोह्याहून पेण, पेणहून घाट चढून पुणे, मग आपला सरळ उजाड मुलूख. भीमा ओलांडल्यावर रस्त्याकडेच्या प्रत्येक तळ्यात मी खांब शोधत होते. एकही दिसला नाही. आमच्याकडे साहेब वेळेवर येत असावेत, किंवा सोनाबाई कमी असाव्यात. काकूंनी विचारलं, "काय बघितलं?" मी म्हटलं, "एक माप बघितलं." त्यांनी पुन्हा चटणी दिली नाही.

संकट येतं तेव्हा सरकार घाईने कामं काढतं, आणि संकट गेलं की त्याहून घाईने विसरतं. मला वाटायचं, मागे राहतात ते तलाव आणि रस्ते. पण ते गाळाने भरतात, उखडतात. शब्द पाळायची सवय मात्र भलत्याच माणसांच्या अंगात मुरून राहते, आणि ज्यांनी शब्द दिला त्यांना तिचा पत्ताही नसतो.

त्या उन्हाळ्यात गाळ काढायला मंजुरी आली. वाडीतलेच लोक कामावर लागले. अर्धं तळं झालं आणि पाऊस लवकर आला. दरम्यान प्राजक्ताची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. हे सांगताना तिचा आवाज ओशाळा होता. मला तेव्हा कारण कळलं नाही.

ते परवा कळलं. वर्ष उलटून पुन्हा होळी जवळ आली आहे. प्राजक्ता सुट्टी काढून उंबरवाडीला गेली आणि तिथून तिने फोन लावून दिला. सोनाबाईचा आवाज आधीसारखाच होता, मला धाक वाटेल असा.

"तळ्यात पाणी आहे का?" मी विचारलं.

"हाय की. कमरेएवढा हाय. मधला खांब बी दिसतो."

"कुठला खांब? तो तर आपण काढला ना?"

"ता जुना. तुज्या भाचीनं नवा ठेवलाय, नव्या खोदाईच्या मापाला. म्हनाली, साहेब येतील, तोवर हात लावू नका. आजून कोन आला नाय."

मागे प्राजक्ता काहीतरी पुटपुटत होती. मला हसू आलं आणि त्या पोरीची कीवही आली. मी सोनाबाईला म्हटलं, "म्हणजे पुन्हा तुमच्याच मागे लागलं का हे लिंपणं? ह्या वयात?"

"माज्या मागं कशाला?" सोनाबाई म्हणाली. "मंजुळा लिपते. ती यंदा घरीच हाय."